सहा वर्षांची मुलगी, एका बाजूने लहान जबडा आणि संगणकावर आखलेलं ऑपरेशन: आत्ता की नंतर?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मुलगी सहा वर्षांची. डावा कान जन्मापासून अर्धवट, डावा गाल बसका, हनुवटी डावीकडे गेलेली. निदान ‘हेमिफेशियल मायक्रोसोमिया’, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू जन्मतःच कमी वाढलेली. एका सर्जननी सीटी स्कॅनवरून संगणकावर जबडा सरळ झालेला दाखवला आणि मे महिन्याच्या सुट्टीत डिस्ट्रॅक्शनचं, म्हणजे हाड कापून हळूहळू ओढून लांबवण्याचं, ऑपरेशन करून टाकू म्हणाले. दुसऱ्यांनी सांगितलं, सोळाव्या वर्षापर्यंत हात लावू नका. आणि तुम्ही विचारताय की संगणकाच्या मदतीने केलं तर एकाच ऑपरेशनमध्ये चेहरा कायमचा सरळ होईल का.

कायमचा होईल, असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. पण तेवढ्यावरून पहिले डॉक्टर चूक आणि दुसरे बरोबर असं ठरत नाही. हाड कुठे कापायचं, स्क्रू कुठे बसवायचे, कुठल्या दिशेला किती ओढायचं, याची उत्तरं संगणक फार चांगली देतो. ऑपरेशन या वयात करावं का, हे त्याला विचारून उपयोग नाही. तुम्ही अडल्या आहात दुसऱ्या प्रश्नावर आणि तुम्हाला पडद्यावर दाखवलं गेलंय पहिल्याचं उत्तर. मी तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो, त्यात जन्मजात व्यंग असलेली मुलं बरीच असतात, आणि हा गोंधळ मला जवळजवळ प्रत्येक घरात दिसतो. चित्र इतकं सुबक असतं की निर्णय झालाच आहे असं वाटतं.

आधी रिपोर्ट. तुम्ही ‘टाइप टू’ एवढंच लिहिलंय. त्यापुढे ‘ए’ आहे की ‘बी’ ते पाहा, कारण निम्मं उत्तर त्या अक्षरावर आहे. प्रुझान्स्की यांनी १९६९ मध्ये अशा जबड्यांचे तीन प्रकार केले. पुढे १९८८ मध्ये काबान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधल्या प्रकाराची फोड केली. पहिल्या प्रकारात सगळे भाग जागेवर असतात, फक्त लहान असतात. ‘टू-ए’ मध्ये जबड्याचा मागचा उभा भाग आखूड आणि बेढब असतो, पण कानापुढचा सांधा साधारण जागेवर असतो आणि काम करतो. ‘टू-बी’ मध्ये सांधाच खाली, आत आणि पुढे सरकलेला असतो, नावापुरता. तिसऱ्या प्रकारात उभा भाग आणि सांधा जवळपास नसतातच.

‘टू-ए’ असेल तर आहे ते हाड लांबवता येतं. ‘टू-बी’ मध्येही लांबवता येतं, पण लांबवलेलं हाड मागे टेकणार कशावर, हा प्रश्न उरतो. तिसऱ्या प्रकारात लांबवायला हाडच नसतं, मग बरगडीचा हाड-कूर्चेचा तुकडा किंवा क्वचित पायातल्या फिब्युलाचं हाड आणून बसवावं लागतं. बरगडीचा तुकडा मुलाबरोबर वाढतो म्हणून तो सगळ्यांना आवडतो. पण वाढ आपल्या हातात नसते. कधी वाढतच नाही, कधी एवढा वाढतो की हनुवटी उलट्या बाजूला सरकते.

दुसरी गोष्ट तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, आणि ओपीडीत मी ती सगळ्यात आधी विचारतो: झोप. मुलगी घोरते का? श्वास मध्येच अडकून दचकते का? मान मागे टाकून झोपते का, घामाने उशी भिजते का, दिवसा चिडचिडी असते का, वजन अडलंय का? एका रात्री ती गाढ झोपली असताना छाती आणि चेहरा दिसेल असा पाचेक मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. शंका वाटली तर ते स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, सांगतील. एकाच बाजूचा जबडा लहान असेल तर श्वासाचा त्रास तुलनेने कमी असतो. दोन्ही बाजू लहान असलेल्या मुलांचं, म्हणजे पिएर रोबिन किंवा ट्रीचर कॉलिन्स ही जन्मजात व्यंगं असलेल्यांचं, प्रकरण वेगळं. तिथे जीभ मागे पडून श्वासनलिकेचा रस्ता अडतो. अशा काही तान्ह्या बाळांचा जबडा जन्मानंतर थोड्याच दिवसांत लांबवून गळ्याला भोक पाडून नळी बसवणं टाळता येतं. तिथे चेहरा कसा दिसतो हा विचार फार नंतरचा. तुमच्या मुलीचा श्वास अडत असेल तर ‘थांबा’ हा सल्ला बाद होतो. अडत नसेल तर तुमच्या हातात वेळ आहे, आणि पुढचं सगळं त्या गृहीतावर लिहितोय.

आता संगणकाचं काम नेमकं काय ते सांगतो, कारण पैसे त्याचेच जास्त सांगितले गेलेत. बारीक कापांचा सीटी स्कॅन काढतात, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. त्यातून कवटी, जबडा, दात, दाताचे कोंब आणि जबड्यातून जाणारी संवेदनेची नस वेगवेगळी करून रंगवतात. मोठ्या माणसात हे काम बऱ्यापैकी झटपट होतं. सहा वर्षांच्या मुलात वेळ खातं, कारण या वयात जबडा म्हणजे दातांची गर्दी: दुधाचे दात वर, कायमचे कोंब खाली, आणि पक्की दुसरी दाढ नेमकी तिथे आकार घेत असते जिथे आपल्याला हाड कापायचं असतं. साध्या एक्स-रेवर हे कोंब एकावर एक दिसतात. थ्रीडी मॉडेलवर त्यांना चुकवून काप कसा घ्यायचा ते ठरवता येतं. लहान मुलांमध्ये संगणकाचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. काप चुकला तर कोंब दुखावतो, दाढ वेडीवाकडी येते किंवा येतच नाही, आणि ते कळायला पाच-सहा वर्षं जातात.

मग येतो आरशाचा प्रकार. निरोगी उजवी बाजू उलटवून डावीकडे बसवतात आणि ‘असा व्हायला हवा’ म्हणून दाखवतात. तुम्ही पाहिलेलं चित्र बहुधा हेच. यात एक मेख आहे. आरसा कुठे धरायचा, म्हणजे चेहऱ्याची मधली रेषा कुठली, हे माणूस ठरवतो. या आजारात फक्त जबडा लहान नसतो. गालाचं हाड, डोळ्याची खोबण, कानाजवळचा कवटीचा तळ, सगळं थोडंथोडं ओढलं गेलेलं असतं. नाकाचं टोक मध्य धरलं तर एक उत्तर येतं, कवटीचा तळ धरला तर दुसरं. शिवाय आपण जिला निरोगी म्हणतो ती उजवी बाजूही सहा वर्षं तिरक्या चावण्याशी जुळवून घेत वाढलेली असते. त्यामुळे सर्जनना विचारा, ‘मधली रेषा तुम्ही कशावरून धरली?’ ज्यांनी स्वतः बसून प्लॅन केलाय ते लगेच सांगतील. कंपनीच्या इंजिनिअरने पाठवलेला प्लॅन नुसता पाहून मान्य केला असेल तर उत्तर घोळात येईल.

प्लॅन ठरला की कापण्यासाठी गाइड थ्रीडी प्रिंट करतात. हा छोटासा साचा हाडावर बसतो, त्याच्या खाचेतून करवत चालवायची. स्क्रूची भोकंही त्यातूनच पाडतात, म्हणजे हाड लांबवणारं यंत्र ठरल्या कोनातच बसतं. दिशा इथे फार महत्त्वाची, कारण हाड लांबवताना ते यंत्राच्या दिशेनेच जातं. उभं गेलं तर चेहऱ्याची उंची वाढते, आडवं गेलं तर हनुवटी पुढे येते, आणि सुरुवातीला चार-पाच अंशांचा फरक असला तरी वीस मिलिमीटर लांबवल्यावर तो दातांच्या चावण्यात दिसतो. चांगल्या हातात प्लॅन आणि प्रत्यक्ष काप यात बहुधा एक-दोन मिलिमीटरचा फरक राहतो. पण गाइड बसवायला हाड जास्त उघडावं लागतं, आणि लहान जबड्यावर जागा मुळातच कमी असते. म्हणून काही सर्जन फक्त जबड्याचं प्रिंट केलेलं मॉडेल हातात घेऊन काम करतात, गाइड वापरत नाहीत. तेही योग्यच आहे.

एक गोष्ट लक्षात असू द्या: स्कॅन शिळा होतो. सहाव्या वर्षी दुधाचे दात पडायला लागतात, पहिली पक्की दाढ वर येत असते. दातांवर टेकणारा गाइड बनवला आणि दरम्यान एक दात पडला किंवा आला, की तो बसत नाही. तुमचा स्कॅन गेल्या वर्षीचा असेल तर त्यावर आखलेला प्लॅन तसाच वापरायला मी तयार होणार नाही. उलट, ऑपरेशन ठरलेलं नसताना ‘चला, पाहून ठेवू’ म्हणून सीटी काढूही नये. वाढत्या मुलाला किरणांचा डोस विनाकारण द्यायचा नाही. वर्षावर्षाची नोंद ठेवायला फोटो, दातांचे साचे आणि गरजेपुरते दातांचे एक्स-रे पुरतात.

डिस्ट्रॅक्शनबद्दल तुम्ही ‘ओढून लांब करतात म्हणजे काय’ असं घाबरून विचारलंय. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये इलिझारोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात हातापायांची हाडं अशी लांबवली. कापलेल्या हाडाची दोन टोकं हळूहळू दूर नेली की मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. न्यूयॉर्कमध्ये मॅकार्थी यांनी हीच पद्धत लहान मुलांच्या खालच्या जबड्यासाठी वापरली आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. ऑपरेशनमध्ये हाड कापून यंत्र बसवतात. चार-पाच दिवस काही करायचं नाही. मग रोज साधारण एक मिलिमीटर, बहुधा सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा, यंत्राची दांडी फिरवायची. हे घरी तुम्हालाच करायचं असतं. पहिले दोन दिवस हात थरथरतात, नंतर सवय होते. फिरवताना ताण जाणवतो, मुलं कुरकुरतात, पण आरडाओरडा करण्याइतकं दुखू नये. दुखलं तर दवाखान्यात फोन करायचा, स्वतः ठरवून दिवस सोडायचा नाही, नाहीतर फटीत हाड आधीच जुळतं. फिरवणं संपलं की नवं हाड कडक व्हायला दोन महिने किंवा त्याहून थोडा जास्त काळ यंत्र तसंच राहतं, आणि ते काढायला पुन्हा भूल द्यावी लागते. म्हणजे ‘एक ऑपरेशन’ हे मुळातच दोन ऑपरेशन असतं. या काळात खिमट, मऊ भात, शिरा, सूप. मेच्या सुट्टीत सगळं उरकेल हे गणित बसत नाही, शाळा सुरू होईल तेव्हा यंत्र आतच असेल.

हाड लांबलं की डाव्या बाजूचे वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटतात, मध्ये फट पडते. ही फट अपेक्षितच असते. तिच्यात ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर, प्लेट बसवतात आणि ती महिनोन्महिने थोडीथोडी घासून वरचे दात खाली येऊ देतात, म्हणजे वरचा तिरका जबडाही सावरतो. हा भाग झाला नाही तर अर्धं काम वाया जातं. मला कुणी फक्त सर्जनचं नाव सांगितलं आणि ऑर्थोडॉन्टिस्टचं सांगितलं नाही, तर मी तिथेच थांबतो.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. वाढलेलं हाड तिथेच राहतं, पण डाव्या बाजूची वाढीची ताकद त्याने वाढत नाही. उजवा जबडा पुढची आठ-दहा वर्षं आपल्या वेगाने वाढत राहतो, डावा आपल्या. त्यामुळे सहाव्या वर्षी मध्यावर आणलेली हनुवटी बाराव्या-तेराव्या वर्षी पुन्हा डावीकडे सरकलेली बऱ्याच मुलांमध्ये दिसते. म्हणूनच आम्ही ते वाढत्या अंगाचे कपडे बेतल्यासारखं करतो, मुद्दाम जरा जास्त लांबवतो, हनुवटी मध्यरेषेच्या पलीकडे नेतो. किती पलीकडे, हा अनुभवाचा अंदाज असतो. कुठल्याही सॉफ्टवेअरला तुमच्या मुलीची पुढची दहा वर्षं माहीत नसतात. गालाचे स्नायू आणि चरबी कमी आहेत, तीही हाडाबरोबर आपोआप भरून येत नाहीत. त्यासाठी मोठेपणी पोटाची वगैरे चरबी भरण्याचा वेगळा उपाय असतो. पडद्यावर त्वचेसकट दाखवलेला गोल गुबगुबीत गाल म्हणूनच मी पालकांना दाखवत नाही.

मग आत्ता करण्यात अर्थ काय? काही परिस्थितींत नक्की आहे. श्वासाचं वर आलंच. तिरकेपणा एवढा असेल की वरचा जबडा, दातांची ओळ, ओठांचा कोपरा सगळं झपाट्याने वर ओढलं जातंय, तर आत्ता थोडं सावरलं की नंतरचं ऑपरेशन सोपं जाऊ शकतं, असं मानणारे अनुभवी सर्जन आहेत. त्या बाजूचा ठोस पुरावा तितका भक्कम नाही, आणि या मुद्द्यावर आमच्यातही मतभेद आहेत. तुम्हाला दोन डॉक्टरांनी दोन टोकं सांगितली ती त्यामुळेच. तिसरं कारण मूल स्वतः. शाळेत चिडवतात, ती आरशासमोर जात नाही, फोटोत डावी बाजू लपवते, असं असेल तर मी ते श्वासाइतकं नाही, पण गंभीरपणे घेतो. तुम्ही नातेवाईक काय म्हणतात ते सविस्तर लिहिलंय. तिला काय वाटतं, ते मात्र कुठेच नाही. सहा वर्षांचं मूल हे सांगू शकतं. विचारा, पण ‘तुला ऑपरेशन करायचं का’ असं विचारू नका.

माझं मत, तुम्ही दिलेल्या माहितीवरून: ‘टू-ए’ असेल, झोप ठीक असेल, ती मजेत शाळेत जात असेल, तर मी या मेमध्ये ऑपरेशन करणार नाही. दर वर्षी ऑर्थोडॉन्टिस्टकडे नोंद, दात बदलण्याच्या वयात गरज पडली तर प्लेट, आणि वाढ संपल्यावर, मुलींमध्ये साधारण चौदा ते सोळाच्या दरम्यान, दोन्ही जबड्यांचं पक्कं ऑपरेशन. तेव्हा मात्र संगणकावर आखूनच करा. वाढ थांबलेली असल्याने त्या प्लॅनला खरी किंमत येते. ‘टू-बी’ असेल तर माझा कल बदलू शकतो, आणि तो मुलीला न पाहता सांगण्यात अर्थ नाही.

थांबायचं म्हणजे काहीच करायचं नाही असं नाही. कानाकडे आत्ताच लक्ष द्या. दोन्ही कानांची ऐकण्याची तपासणी झाली आहे का? डाव्या बाजूला ऐकू येत नसेल तर हाडातून आवाज पोचवणारी यंत्रं मिळतात, आणि वर्गात तिला उजवा कान बाईंकडे येईल असं बसवणं यात तर काहीच खर्च नाही. कानाची पाळी बरगडीच्या कूर्चेपासून बनवतात, साधारण आठ-दहा वर्षांनंतर, छाती पुरेशी मोठी झाल्यावर. इथे एक अडचण फार उशिरा लक्षात येते: जबड्यालाही बरगडी हवी असेल तर ती कुठल्या बाजूची, कुठली घ्यायची, आणि जबड्यासाठी कानाजवळ चीर दिली तर तिथली त्वचा पुढे कानासाठी चांगली उरेल का, हे जबड्याच्या आणि कानाच्या सर्जननी आधी एकत्र बसून ठरवायला हवं. भूल देण्याआधी मानेच्या मणक्यांचा एक्स-रे, हृदयाचा इको आणि किडनीची सोनोग्राफी व्हायला हवी, कारण या मुलांमध्ये तिथेही काही दोष असू शकतात. आणि भूलतज्ज्ञांना भेटा. तिरक्या, आखूड जबड्यात श्वासनळीत नळी घालणं अवघड असतं. दुर्बिणीतून नळी घालण्याची सोय जिथे नाही, तिथे कितीही स्वस्त असलं तरी करू नका.

तुमच्या सासूबाई म्हणतात, ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून झालं. नाही. चेहऱ्याचा हा भाग गर्भाच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात घडतो, बऱ्याच बायकांना तेव्हा दिवस गेल्याचंही नुकतंच कळलेलं असतं. त्या भागात घडण त्या वेळी बिघडते. बहुतेक मुलांमध्ये नेमकं कारण सापडत नाही, आणि घरात दुसऱ्या कुणाला नसतंही. विळीचा, चाकूचा, ग्रहणाचा काही संबंध नाही. सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत न्या आणि हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या; सुनेने सांगितलेलं ऐकतीलच असं नाही. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी एकदा जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्या, विशेषतः तुमच्या किंवा यजमानांच्या घरात कुणाला कानापुढे मांसाचा बारीक कोंब किंवा लहान कान असेल तर.

खर्चाचं: सांगितलेल्या रकमेत यंत्र, प्लॅनिंग, प्रिंट, भूल, यंत्र काढण्याचं दुसरं ऑपरेशन आणि ऑर्थोडॉन्टिस्टची पुढची वर्षं यातलं काय काय धरलंय ते कागदावर मागा. प्लॅनिंग बाहेरच्या कंपनीकडूनच व्हायला हवं असं नाही. थ्रीडी स्लायसरसारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत आणि काही विभाग स्वतःच मॉडेल तयार करून छापतात. मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग आहे, तिथे दुसरं मत घेता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जन्मजात व्यंगांची अंगणवाडी आणि शाळेतून तपासणी होते. त्या पथकाकडून जिल्हा रुग्णालयातल्या केंद्राकडे पाठवायला सांगा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि तोंडी होकारावर थांबू नका.

दुसऱ्या मतासाठी जाताना फिल्म नेऊ नका, सेंटरकडून स्कॅनची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. फिल्मवरून कुणालाच जबडा फिरवून पाहता येत नाही. सीडीवरून ‘ए’ की ‘बी’ हे ते स्वतः पाहतील, आणि कदाचित दुसरा स्कॅन टळेल. ते कळलं की इथेच लिहा, झोपेचं काय दिसलं तेही. पुढचं त्यावरून बोलू.